बॉक्स्टर उचलण्याच्या पद्धतीविषयी: एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय, सप्रेम नमस्कार.

पोर्शची 986 बॉक्स्टर (आसनांच्या मागे इंजिन असलेली स्पोर्ट्स कार) घरच्या गॅरेजमध्ये जॅकने कशी उचलावी, या माझ्या लेखावरील आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. आपले आक्षेप तीन आहेत. दहा मिनिटांच्या कामाचे मी अवडंबर माजवले, हा पहिला. आपण कित्येक वर्षे इंजिनाच्या सम्पखाली (तळाच्या तेलाच्या भांड्याखाली) लाकडी ठोकळा ठेवून मागची बाजू एकाच दमात उचलत आला आहात आणि आजवर काहीही बिघडलेले नाही, हा दुसरा. आणि मागची चाके आधी उचलायला सांगून वर ‘हँडब्रेक ओढून ठेवा’ असे मी लिहिले ते निरर्थक आहे, हा तिसरा.

तिसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण तिथे चूक माझी आहे. या गाडीचा हँडब्रेक मागच्या चाकांवर चालतो आणि इंजिनाची ताकदही मागच्याच चाकांना मिळते. त्यामुळे ती दोन्ही चाके अधांतरी झाली की हँडब्रेक आणि गिअर एकाच क्षणी निरुपयोगी होतात आणि सुमारे 1250 किलोची गाडी पुढच्या दोन मोकळ्या चाकांच्या भरवशावर उरते. मागचे एकच चाक उचलले असेल तर जमिनीवरच्या चाकाचा हँडब्रेक गाडी धरून ठेवतो; पण नुसता गिअर तेव्हाही धरत नाही, कारण हवेतले चाक उलट फिरू लागते आणि डिफरन्शिअल (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी गिअरची जोडणी) जमिनीवरच्या चाकाला मोकळे सोडते. म्हणजे मागची बाजू उचलताना खरी भिस्त पुढच्या चाकांच्या दोन्ही बाजूंना लावलेल्या उटीवर, म्हणजे चाक घरंगळू न देणाऱ्या अडणीवर असते, आणि तिचा उल्लेख मी अर्ध्या वाक्यात उरकला होता. पुढची बाजू आधी उचलून स्टँडवर, म्हणजे उचललेली गाडी पेलणाऱ्या आधारावर ठेवली, तर तेवढे काम होईपर्यंत हँडब्रेक आणि गिअर दोन्ही कामी येतात. मूळ लेखातला क्रम मी आजच बदलला आहे. आपण लक्षात आणून दिल्याबद्दल आभारी आहे.

सम्पच्या बाबतीत मात्र मी आपल्याशी सहमत होऊ शकत नाही. इंजिन पुढे असलेल्या बहुतेक गाड्यांत मागच्या बाजूला मधोमध जॅक लावण्याजोगे काहीतरी भक्कम सापडते, आणि हाताला तीच सवय लागलेली असते. इथे नेमक्या त्याच जागी इंजिन आणि गिअरबॉक्स येतात. बॉक्स्टरचा सम्प हा क्रँककेसच्या (इंजिनाच्या मुख्य कवचाच्या) तळाशी बोल्टने बसवलेला ॲल्युमिनियमचा पातळ भाग असून त्याचे काम तेल साठवण्याचे आहे. लाकडी ठोकळ्याने भार पसरतो आणि सम्पला पोचा पडत नाही, हे आपले म्हणणे मला मान्य आहे. पण तो भार सम्पवर संपत नाही. इंजिन पुढच्या बाजूला एका रबरी माउंटवर (बैठकीवर) आणि मागे गिअरबॉक्सच्या दोन माउंटवर पेललेले असते. एरवी गाडी इंजिनाला पेलते, आपल्या पद्धतीत मात्र इंजिन गाडीला पेलते आणि ते रबर उलट दिशेने दाबले जाते. पंचवीस वर्षांच्या रबराकडून ही अपेक्षा मी ठेवणार नाही.

या पोटाखाली आणखी एक गोष्ट आहे, जी मूळ लेखात यायलाच हवी होती. इंजिन मागे आणि रेडिएटर पुढच्या बंपरच्या आत, अशी रचना असल्याने कूलंटचे (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे) पाइप गाडीच्या तळाखालून आडव्या आवरणांच्या आत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेले आहेत. जॅक ‘अंदाजाने जरा आत’ सरकवणाऱ्याला ते दिसत नाहीत.

म्हणून उरतात ते सिलखालचे (दाराखालच्या कडेखालचे) चार ठरावीक जॅकिंग पॉइंट, म्हणजे जॅक लावण्याच्या जागा, आणि त्यांची अडचण आपल्यालाही ठाऊक असेल: त्या जागी जॅक लावला की स्टँडला जागा उरत नाही. लेखातला जो भाग आपल्याला अवडंबर वाटला, तो बहुतांशी याच अडचणीचा आहे. मी वापरतो त्या स्टँडमध्ये जॅकच्या डोक्यावर एक आडवी पोलादी पट्टी ठेवतात. तिच्या मधला रबरी उंचवटा जॅकिंग पॉइंटमध्ये बसतो, गाडी वर गेली की पट्टीच्या दोन्ही टोकांना पाय अडकवायचे आणि जॅक मधून काढून घ्यायचा. त्या पायांना आरपार जाणारी खीळ आहे, आणि मला ती दात्यांच्या पट्टीत खटका अडकवून उंची ठरवणाऱ्या स्टँडपेक्षा अधिक भरवशाची वाटते. 2020 मध्ये अमेरिकेत दात्यांचे लाखो स्टँड परत मागवावे लागले, कारण भार हलला की तो खटका दात्यावरून निसटून स्टँड एकदम खाली बसण्याचा धोका होता.

राहिला प्रश्न दहा मिनिटांचा. ट्रॉली जॅकचे डोके सरळ वर न जाता कमानीत जाते, म्हणून उचलताना जॅकची चाके फरशीवर सरकलीच पाहिजेत. इथे इंग्लंडमध्ये बऱ्याच घरांसमोर विटांची फरसबंदी किंवा खडी असते. त्यावर चाके रुततात, जॅक जागचा हलत नाही आणि मग डोकेच पॉइंटवरून घसरते. मी प्लायवुडची जाड फळी अंथरतो, एका बाजूला थोडे, मग दुसऱ्या बाजूला थोडे, असे टप्प्याटप्प्याने उचलतो, आणि चारी स्टँड लागल्यावर खाली जाण्याआधी गाडीला दोन्ही हातांनी जोरात हलवून पाहतो. यात पाऊण तास जातो.

पुढच्या वेळी तेल बदलताना एक विनंती आहे. टॉर्च घेऊन इंजिनाच्या पुढच्या माउंटचे रबर जवळून पाहा, त्याला तडे आहेत का, ते एका बाजूला बसले आहे का, आणि जे दिसेल ते इथे लिहा. रबर शाबूत निघाले, तर तेही मी मूळ लेखात नोंदवीन.