लेझरचे फोटो काढणं मी बंद केलंय, तुम्हीही करा

पोस्ट मोठी आहे. गणपती जवळ आले की दरवर्षी हे मनात येतं आणि राहून जातं, म्हणून यंदा लिहूनच टाकतोय.

गेली चौदा वर्षं, करोनाची दोन वर्षं सोडली तर, अनंत चतुर्दशीची रात्र मी पुण्यात लक्ष्मी रोडवर काढतो. गळ्यात कॅमेरा, सॅकमध्ये दोन जादा बॅटऱ्या, पाण्याची बाटली, पावसासाठी प्लास्टिकची पिशवी आणि शेंगदाण्याची चिक्की. सकाळी मंडईतून मिरवणूक निघते तेव्हा मी घरी झोप काढून घेतो, मानाचे पाच गणपती दिवसा असतात आणि त्यांचे फोटो काढायला माझ्यापेक्षा चांगले लोक आहेत. माझं खरं प्रेम रात्रीच्या रोषणाईवर. अंधार पडला की लाइटवाल्या मंडळांचे रथ रांगेला लागतात आणि पुढे बारा तास तो रस्ता ओळखू येत नाही.

२०२३ ची गोष्ट. तारीख २८ सप्टेंबर, रात्रीचे साडेदहा-अकरा झाले असतील. एका मंडळाच्या समोर उभा होतो (नाव घेत नाही, तसं करणारं ते एकटं नव्हतं) आणि ट्रसवरून (दिवे टांगायच्या लोखंडी सांगाड्यावरून) हिरवा लेझर गर्दीवर फिरत होता. धुरातून तो पंख्यासारखा उघडायचा, फ्रेम भारी दिसत होती, मी कॅमेरा वर केला आणि क्षणभर सगळी स्क्रीन हिरवी झाली. पुढच्या फोटोत वरपासून खालपर्यंत एक बारीक गुलाबी रेघ. मला वाटलं लेन्सवर काहीतरी आलं, पुसली, परत काढला, रेघ तिथेच. लेन्स बदलली तरी तिथेच. सेन्सर जळला होता. दुरुस्तीचा खर्च ऐकून गप्प घरी आलो, पण खरं सांगायचं तर पैशांचं दुःख दुसऱ्या दिवशी संपलं, कारण दुसऱ्या दिवशीपासून बातम्या यायला लागल्या. नाशिकमध्ये, कोल्हापूरमध्ये पोरांच्या डोळ्यांचे पडदे भाजलेत, मिरवणुकीत लेझर डोळ्यात गेला आणि नजरेच्या मधोमध डाग पडलाय. विशी-पंचविशीतली पोरं. कॅमेऱ्याचा सेन्सर बदलून मिळतो हो, डोळ्याचा पडदा कुठून आणणार?

पण ही पोस्ट लिहायचं कारण ते पण नाही. कारण त्याच रात्री तासभर आधी घडलेलं आहे. त्याच मंडळाचा एक कार्यकर्ता, असेल विशीतला, धावत आला आणि म्हणाला, "दादा, गेल्या वर्षी आपल्या लेझरचा फोटो तुम्हीच टाकला होता ना? लई शेअर झाला. यंदा डबल आणलेत, बघा तुम्ही." किती आनंदाने सांगत होता. आणि मीही खूश झालो, त्याच्या खांद्यावर हात ठेवला, म्हटलं टाकतो की.

यंदा डबल आणलेत. हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. लेझर भाड्याने देणाऱ्याला नावं ठेवा, मंडळाला ठेवा, पोलिसांना ठेवा, पण ती मागणी तयार कोणी केली? आम्ही केली. ते हिरवे पंखे, ते आभाळात उभे राहिलेले शार्पीचे, म्हणजे झोताच्या दिव्यांचे खांब, हे फोटोत फुकटात भारी दिसतात, त्यासाठी ना पारखी नजर लागते ना वेळ. आम्ही ते टाकले, तुम्ही लाइक केले आणि मंडळांना वाटलं लोकांना हेच हवंय. २०२४ ला पुणे पोलिसांनी लेझरवर बंदीचा आदेश काढला, फार बरं झालं, पण फोटोवाल्यांनी भाव देणं थांबवल्याशिवाय ही हौस मुळातून जाणार नाही असं मला मनापासून वाटतं. म्हणून मी जुने सगळे लेझरचे फोटो डिलीट केले. ज्याच्या समोर लेझर त्या मंडळाचा एकही फोटो नाही, मग मूर्ती कितीही सुंदर असो.

आणि दुसरं असं की त्या झोतात बाकीचं काही दिसतच नाही राव! लाइट लावायचा कशासाठी, मूर्ती दिसावी, देखावा दिसावा, समोरच्या माणसाचा चेहरा दिसावा म्हणून ना. बीम गर्दीच्या तोंडावर मारला की लोक डोळे मिटतात, हात आडवे धरतात. दर्शनाला आलेल्या माणसाला डोळे मिटायला लावणारी रोषणाई मला रोषणाई वाटत नाही.

माझे बाबा पेठेतल्या एका छोट्या मंडळाचं लाइटिंग करायचे. तेव्हा झिरोचे बल्ब असायचे, नाव झिरो पण ओढायचे पंधरा-एक वॉट, आणि मोठ्या दिव्यांवर जिलेटीन कागद. आणि लाइट पळवायला काय होतं माहितीये? एक लाकडी रूळ. त्यावर तांब्याच्या पट्ट्या ठोकलेल्या, छोटी मोटर तो रूळ हळूहळू फिरवायची आणि वरून पितळेच्या पत्त्या त्याला घासत राहायच्या. पट्टी पत्तीखाली आली की ती ओळ पेटायची, पुढे लाकूड आलं की विझायची. मोर पिसारा फुलवतोय, चक्र फिरतंय, सगळं त्या रुळावर. डिझाइन बदलायचं म्हणजे पट्ट्या उपटून नव्याने कापायच्या. मी लहानपणी त्या रुळाशेजारी बसून राहायचो, बारीक निळ्या ठिणग्या उडायच्या आणि एक जळका वास यायचा, आजही कुठे शॉर्ट सर्किटचा वास आला की मला आधी गणपतीच आठवतात. आता पिक्सेल एलईडी आलेत, म्हणजे एकेक टिपका वेगळा पेटवता येतो, सगळा प्रोग्रॅम एका मेमरी कार्डात, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही, उलट त्यात काम करणारी पोरं कमाल आहेत, हजारो टिपके एकेक करून मांडतात. ते प्रकाशचित्र आहे, हाताने काढलेलं. लेझर भाड्याने आणून चालू करण्यात काय काढलंय कोणी?

बरं, मग काढायचं काय आणि कसं, असं इनबॉक्समध्ये नेहमी विचारतात म्हणून थोडं लिहितो. देखावे काढायचे तर रात्री दहाला जाऊ नका, आभाळ काळंठिक्कर आणि दिवे पांढरे फटक येतात. दगडूशेठसमोर दरवर्षी एखाद्या मंदिराची प्रतिकृती असते, २०२३ ला अयोध्येचं राम मंदिर होतं, २०२४ ला हिमाचलमधलं जटोलीचं शिवमंदिर, २०२५ ला केरळचं पद्मनाभस्वामी. सूर्य साडेसहा-पावणेसातला मावळतो, त्यानंतरची वीसेक मिनिटं आभाळ गडद निळं असतं आणि दिवेही लागलेले असतात, तेव्हा दोघांचा उजेड जुळतो, कळसाची कड आभाळापासून सुटी दिसते. शटर स्पीड १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा, आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिवे सेकंदाला शंभरदा कमीजास्त होतात, १/५०० ला गेलात की एक फोटो उजळ आणि एक काळपट. सायलेंट शटर बंद, नाहीतर एलईडीचे आडवे पट्टे येऊ शकतात. आणि निळा-जांभळा एलईडी सगळ्यात फसवा, स्क्रीनवर एक्सपोजर बरोबर वाटतं पण निळा रंग आतून फाटलेला असतो, मूर्तीच्या गालाची गोलाई सपाट होऊन जाते, म्हणून एक्सपोजर एक स्टॉप कमी (म्हणजे निम्मा उजेड) ठेवा, रॉ मध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढा, सावल्या नंतर उचलता येतात. फ्लॅश नको. ट्रायपॉड तर त्या गर्दीत अजिबात नको, कोणाच्या तरी पायात येतो. साधी ५० एमएमची एफ १.८ लेन्स पुरते.

पण माझं ऐकाल तर बारा वाजेपर्यंत थांबा. बारा वाजता स्पीकर बंद होतात आणि सकाळी सहापर्यंत बंदच राहतात, बहुतेक फोटोवाले घरी जातात. मग रस्त्यावर जे उरतं ना, ते मला चौदा वर्षांत कुठल्याच देखाव्यात मिळालेलं नाही. रथ जागच्या जागी उभे, दिवे चालू, जनरेटरची घरघर, फुटपाथवर ढोल उशाला घेऊन झोपलेली पथकातली मुलं, त्यांच्या चेहऱ्यावर आळीपाळीने लाल-पिवळा उजेड. पूर्वी याच वेळेला सगळे दगडूशेठची वाट बघत बसायचे, पहाटेच्या उजेडात तो रथ लक्ष्मी रोडला यायचा, माझ्याकडे तसे तीन फोटो आहेत. २०२३ पासून ते दुपारी चारलाच मिरवणुकीत येतात आणि रात्रीच विसर्जन होतं, गर्दीच्या दृष्टीने निर्णय चांगलाच आहे, तरी त्या पहाटेची आठवण येते हे लपवत नाही.

कोल्हापूरला त्रिपुरी पौर्णिमेच्या पहाटे पंचगंगा घाटावर गेलात तर मी काय म्हणतोय ते लगेच कळेल. पणत्याच पणत्या. पणतीच्या उजेडात माणसाचा चेहरा जवळ येतो, वाकलेल्या बाईच्या हनुवटीवर, नथीवर तो उजेड थांबतो. एकही माणूस डोळे मिटत नाही तिथे.

२०२५ च्या विसर्जनाला पहाटे तीनच्या सुमारास बेलबाग चौकाजवळ एका छोट्या मंडळाचा रथ थांबला होता, अर्ध्या बाजूचे दिवे गेलेले. साठीचे एक काका दातात चिकटपट्टी धरून जोड शोधत होते, त्यांचा नातू मोबाइलची बॅटरी धरून उभा. मी विचारलं, "काका, फोटो काढू का?" ते म्हणाले, "आधी लाइट येऊ दे, बंद रथाचा काय काढता." थांबलो. वीसेक मिनिटांनी जोड सापडला आणि मोराचा पिसारा खालून वर असा पेटत गेला, काका दोन पावलं मागे सरकले आणि कमरेवर हात ठेवून बघत उभे राहिले. मी त्यांच्या मागून काढला तो. दोन्ही छपरांच्या मधोमध चतुर्दशीचा चंद्र होता, जवळजवळ पूर्ण, आभाळात एकही बीम नव्हता म्हणून दिसला.

प्रिंट काढून त्यांना नेऊन दिलाय. खाली त्यांच्या मंडळाचं नाव आणि 'विद्युत रोषणाई' म्हणून त्यांचं नाव टाकून दिलाय, म्हणाले असं नाव पहिल्यांदाच कोणी लिहिलं. तुमच्याकडे अशा लाइटवाल्यांचे फोटो असतील तर कमेंटमध्ये टाका, आणि त्यांना विचारून नावासकट टाका.