‘प्राचीन जगातल्या भयंकर शिक्षा’: त्यातलं खरं किती?

दर काही महिन्यांनी एक फॉरवर्ड फिरत फिरत पुन्हा येतो. खिळ्यांची लोखंडी पेटी, आत माणूस घालून तापवलेला बैल, दुधामधाने माखून होडीत कोंडलेला कैदी, पाठ फाडून केलेला गरुड. खाली एक ओळ असते: ‘हे सगळं इतिहासात नोंदलेलं आहे. आपल्या देशात मात्र असलं क्रौर्य कधीच नव्हतं.’ या ओळीतली दोन्ही वाक्यं चुकीची आहेत. नुसतं ‘अतिशयोक्ती आहे’ म्हणून हे सोडून देता येत नाही, कारण या रंगवलेल्या यंत्रांच्या गर्दीत खरोखर मारली गेलेली माणसं झाकली जातात.

‘मध्ययुगात न्यूरेंबर्गला लोखंडी कुमारीत माणसं कोंडून मारत.’

मारत नव्हते. लोखंडी कुमारी म्हणजे तीच खिळ्यांची पेटी. ही गोष्ट जगभर पसरली ती योहान फिलिप सीबेनकेस या जर्मन लेखकामुळे. १४ ऑगस्ट १५१५ रोजी नकली नाणी पाडणाऱ्या एकाला या पेटीत मारलं, असं त्याने १७९३ मध्ये लिहिलं. म्हणजे पावणेतीनशे वर्षांनी, आणि समकालीन आधाराशिवाय. प्रदर्शनांत दिसणाऱ्या पेट्या त्यानंतरच्या, एकोणिसाव्या शतकातल्या. त्यातली एक १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात मांडली गेली आणि तिथून तिची कीर्ती झाली.

खरं न्यूरेंबर्ग पाहायचं तर त्या शहराच्या जल्लादाची रोजनिशी आहे. फ्रान्झ श्मिट त्याचं नाव. १५७३ ते १६१७ या काळात आपण दिलेल्या शिक्षा त्याने स्वतः टिपून ठेवल्या. त्यात तलवारीने शिरच्छेद आहे, फाशी आहे, चाकाने हाडं मोडून मारणं आहे. लोखंडी कुमारी नाही. १५८० ची एक नोंद वाचताना मी थबकलो. पोटच्या पोराला मारल्याबद्दल तीन बायकांना रिवाजाप्रमाणे नदीत बुडवायचं होतं, पुलावर तयारीही झाली होती. श्मिटने आणि दोन पाद्र्यांनी रदबदली केली, म्हणून त्यांचा शिरच्छेद झाला आणि मुंडकी वधस्थानी खिळ्यांनी ठोकली गेली. त्याआधी तिथे कुठल्याही बाईचा शिरच्छेद झाला नव्हता, असं तो लिहितो. ही दया होती, त्या शहराच्या हिशेबाने. एवढी एक नोंद त्या काळाबद्दल जे सांगते, ते खिळ्यांची पेटी सांगू शकत नाही.

‘फालारिसच्या बैलातून माणसांचा आक्रोश हंबरण्यासारखा ऐकू येई.’

इथे सरसकट ‘खोटं’ म्हणणार नाही. फालारिस हा इसवी सनपूर्व सहाव्या शतकात सिसिलीतल्या अक्रागासचा, आजच्या आग्रिजेंतोचा, हुकूमशहा. इ.स.पू. ४७० च्या सुमारास कवी पिंडार त्याचा उल्लेख ब्राँझच्या बैलात माणसं जाळणारा असा करतो. म्हणजे ही आठवण जुनी आहे. पण नाकपुड्यांतल्या नळ्या, त्यातून निघणारं हंबरणं, बैल घडवणारा कारागीरच पहिला बळी, हा सगळा तपशील कितीतरी नंतरच्या लेखकांनी भरलेला आहे. त्या बैलाबद्दलचा वादही प्राचीनच आहे. सिसिलीच्याच तिमेयस या इतिहासकाराने कथेवर शंका घेतली आणि नंतरच्या पॉलिबियस या ग्रीक इतिहासकाराने त्याला खोडून काढायचा प्रयत्न केला. जाळलं असेल, हंबरणाऱ्या यंत्राला आधार नाही.

‘इराणचे राजे कैद्याला दोन होड्यांत कोंडून किड्यांच्या तोंडी देत.’

हे सगळं एका लेखकावर उभं आहे. इ.स.पू. ४०१ मध्ये कुनाक्साच्या लढाईत, राजा असलेल्या भावावर चालून गेलेला राजपुत्र सायरस मारला गेला. त्याला आपणच घायाळ केलं, अशी बढाई मिथ्रिडेटस नावाच्या सैनिकाने मेजवानीत मारली. ते श्रेय राजाला स्वतःला हवं होतं. म्हणून त्याला दोन होड्यांमध्ये कोंडलं आणि तो सतरा दिवसांनी मेला, असं प्लुटार्क त्या राजाच्या, दुसऱ्या आर्टाझर्क्सिसच्या, चरित्रात सांगतो. प्लुटार्क ग्रीक, आणि घटनेनंतर सुमारे पाचशे वर्षांनी लिहिणारा. त्याचा मुख्य आधार क्टेसियस, इराणी दरबारातला ग्रीक वैद्य. हा क्टेसियस वाटेल त्या अचाट गोष्टी लिहितो, असं प्लुटार्क त्याच चरित्राच्या सुरुवातीला स्वतःच म्हणतो. इराणी बाजूचा एकही पुरावा नाही.

आणि इराणी राजे गप्प होते असं मुळीच नाही. पश्चिम इराणात बेहिस्तूनच्या उंच कड्यावर पहिल्या दरायसने तीन भाषांत लेख कोरून घेतला, इ.स.पू. ५२० च्या आसपास. मीडिया या प्रांतातला बंडखोर फ्राओर्टेस याचं काय केलं ते तो उघड सांगतो: नाक, कान, जीभ कापली, एक डोळा काढला, राजद्वाराशी बांधून ठेवलं, सगळ्यांनी त्याला पाहिलं, मग एकबताना इथे सुळावर दिलं. ही कबुली नाही, जाहिरात आहे. करणाऱ्याने स्वतःच्या तोंडाने, त्याच काळात सांगितलेलं. फॉरवर्डमध्ये होड्या आहेत, फ्राओर्टेस नाही.

त्या फॉरवर्डमध्ये रोमन क्रूसही नाही, आणि त्याचा पुरावा तर हाडातच सापडला आहे. १९६८ मध्ये जेरुसलेमला एका कबरीत मिळालेल्या टाचेच्या हाडात लोखंडी खिळा तसाच अडकलेला होता.

‘व्हायकिंग लोक शत्रूच्या पाठीतून फासळ्या उपसून गरुड करत.’

उत्तर इंग्लंडमधल्या नॉर्थंब्रियाचा राजा एला याचं उदाहरण देतात. इंग्रजांच्या जुन्या बखरीप्रमाणे तो ८६७ मध्ये यॉर्कच्या लढाईत मारला गेला. गरुडाची एक ओझरती ओळ दीडशेहून अधिक वर्षांनंतरच्या कवितेत येते आणि फासळ्या, फुप्फुसं वगैरे तपशील त्याहूनही कितीतरी उशिरा.

‘आपल्याकडे असं कधीच नव्हतं.’

मग ‘हत्तीच्या पायी देणं’, ‘कडेलोट’ आणि ‘तोफेच्या तोंडी देणं’ हे शब्द मराठीत आले कुठून? एप्रिल १८०१ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने विठोजी होळकरांना पुण्यात हत्तीच्या पायी दिलं. ही दंतकथा नाही, तिचे परिणाम सगळ्या महाराष्ट्राने भोगले. भाऊ यशवंतराव चालून आले, ऑक्टोबर १८०२ मध्ये हडपसरला पेशव्यांचा पराभव झाला, बाजीराव वसईला इंग्रजांच्या आश्रयाला गेला आणि डिसेंबरात तह करून बसला.

इंग्रजांनीही तोफेच्या तोंडी देणं सोडलं नाही. जून १८५७ मध्ये पेशावरला त्यांनी सैन्य उभं करून चाळीस शिपाई तोफांनी उडवले. पुढे भारताचा सरसेनापती झालेला फ्रेडरिक रॉबर्ट्स तेव्हा पंजाबात तरुण अधिकारी होता. त्या महिन्यात त्याने आईला लिहिलं, की सर्वांत जास्त परिणाम तोफेने उडवण्याचाच होतो. दृश्य भयानक असतं, पण या दिवसांत चोखंदळ राहून चालत नाही.