‘377 गेलं, मग आता लपवता कशाला?’

सध्या एक मजकूर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं 377 कलम गेलं, आता भीती कसली? तरीही जे पुरुष दुसऱ्या पुरुषाशी असलेलं आपलं नातं लपवतात त्यांचं प्रेमच खोटं. आणि मुळात हे मोबाइलमधून आलेलं खूळ, दोनाचे चार हात झाले की उतरतं.

खुळाचं आधी उरकून टाकू. लैंगिक शिक्षणाचे पुरस्कर्ते र. धों. कर्वे आपल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांच्या समलिंगी संबंधांबद्दलच्याही शंकांना उत्तरं द्यायचे. त्यावरून 1934 मध्ये खटला झाला आणि कर्व्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली. तेव्हा कुणाच्या खिशात मोबाइल होता?

आता भीती. 6 सप्टेंबर 2018 च्या निकालाने सज्ञान माणसांचा संमतीचा संबंध गुन्हा उरला नाही, इतकंच. पोलिसांची धास्ती कमी झाली. घरमालक, थोरला भाऊ, ऑफिसातले साहेब होते तिथेच आहेत. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता नाकारली. जोडीदारासोबत संयुक्त खातं काढता येतं, त्याला नॉमिनी करता येतं, हा खुलासा अर्थ मंत्रालयाने केला तो ऑगस्ट 2024 मध्ये. पण खातं काढलं की दोन नावं एका पासबुकावर येतात, आणि ते पासबुक सुट्टीत आलेल्या आईच्या हाती लागू शकतं.

‘प्रेम खोटं’ हा आरोप मला सगळ्यात उथळ वाटतो. लपवणाऱ्यांत लबाड नसतात असं नाही. पण आई येणार म्हणून दुसऱ्या खोलीत गादी टाकायची, चुलत बहिणीच्या लग्नात त्याला ‘मित्र’ म्हणून न्यायचं आणि घरच्यांचा फोटो निघताना ‘तूच काढ ना रे’ म्हणून मोबाइल त्याच्याच हातात द्यायचा, हे वर्षानुवर्षं कोण करेल? त्यात दोघांची भीती क्वचितच सारखी असते. एकाच्या घरी माहीत असतं, दुसऱ्याच्या नसतं. हा दुसरा आईच्या समाधानासाठी स्थळ बघायला जातो, ‘पोहे खाऊन येतो, नकारच देणार आहे’ म्हणतो. पहिला हो म्हणतो. मग चार दिवसांनी भांडण पेटतं ते भांडी कुणी घासायची यावरून, आणि तेही दबक्या आवाजात, कारण शेजारच्यांच्या लेखी हे दोघे नुसते एकत्र राहणारे बॅचलर. सगळ्यात वाईट काय, तर पहारा घरातच बसतो. ‘हात असे हलवू नकोस, लोक बघतायत’, हे ज्याच्यापाशी मोकळं व्हायचं तोच सांगायला लागतो. ‘बायल्या’ म्हणणारी शाळेतली पोरं केव्हाच पांगलेली असतात. त्यांचं काम आता हे एकमेकांसाठी करतात. नातं तुटलंच, तर रजा कशाची मागायची?

राहिला लग्नाचा उतारा. समलैंगिकता जागतिक आरोग्य संघटनेने 1990 मध्येच आजारांच्या यादीतून काढली. ती ‘बदलून’ देण्याचे उपचार हे डॉक्टरांचं व्यावसायिक गैरवर्तन, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये ठरवलं. डॉक्टरला जे करायची मुभा नाही, ते मामा-काका मुहूर्त काढून करतात. आणि औषध म्हणून जी मुलगी आणली जाते तिचं काय? फसवून संमती घेतली म्हणून लग्न रद्द करून घ्यायचं, तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम 12 प्रमाणे फसवणूक कळल्यापासून वर्षभरात अर्ज करावा लागतो, आणि ती सिद्ध करायची जबाबदारीही तिचीच. तिच्याबद्दल त्या मजकुरात एक ओळ नाही.