कॅलिपरचा रंग, घाटातली उष्णता आणि एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

ब्रेक कॅलिपर, म्हणजे चाकाच्या डिस्कवर दोन्ही बाजूंनी पॅड दाबणारा ब्रेकचा धातूचा भाग, घरी कसे रंगवावेत, या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया मी लक्षपूर्वक वाचली. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी आधी तिचा सारांश देतो. आपले म्हणणे असे, की रंगाचा थर उष्णता कोंडून ठेवतो आणि त्यामुळे घाटात ब्रेक निकामी होतात. कॅलिपर गाडीवरच ठेवून रंगवला तर रंग गाइड पिनांवर (कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिना) आणि त्यांच्यावरच्या रबर बुटांवर जाऊन कॅलिपर जाम होतो, आणि अशा गाड्या आपल्याकडे कामाला आल्या आहेत. अशा उद्योगाने वॉरंटी जाते. जॅकविषयीची सूचना लेखाच्या तळाशी दडवली आहे. आणि लाल रंग हा निव्वळ दिखावा आहे. एवढे लिहून झाल्यावर आपण पुढे म्हणता, ‘पाच मिनिटांचे व्हिडिओ पाहून मेकॅनिक झालेल्यांनी लोकांच्या जिवाशी खेळू नये. हे तुम्हाला कोणी सांगितले नाही का?’

मतभेदाला माझी हरकत नाही. या लेखमालेत बॅटरीवरच्या आणि टायरवरच्या लेखांना वाचकांनी चांगली झोडपणारी पत्रे लिहिली आहेत आणि ती मी जशीच्या तशी ठेवली आहेत. हरकत आहे ती या शेवटच्या दोन वाक्यांना. आपण मला ओळखत नाही. मी आपल्याला ओळखत नाही, कारण आपण टोपणनावाने लिहिता. अशा वेळी लेखात काय लिहिले आहे त्यावर बोलावे, लिहिणाऱ्याच्या लायकीवर बोलू नये, एवढा शिष्टाचार मी कोणाकडूनही अपेक्षितो. लोकांच्या जिवाशी खेळण्याचा आरोप लहान नाही. तो ब्रेकच्या संदर्भात करायचा असेल, तर माझे कोणते वाक्य पाळल्याने कोणाचा जीव कसा धोक्यात येईल, हे आरोप करणाऱ्याने दाखवायचे असते. आपण लेखातले एकही वाक्य उद्धृत केलेले नाही. तो आपण शेवटपर्यंत वाचला असेल, असेही मला वाटत नाही.

मला कोणी काय सांगितले, हे आपण विचारलेच आहे, तेव्हा सांगतो. माझे नोकरीचे आयुष्य कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतल्या एका फौंड्रीत गेले. मी भट्टीवर नव्हतो. कास्टिंग साच्यातून बाहेर पडल्यानंतरचा जो विभाग असतो, म्हणजे फेटलिंग (कास्टिंगवरचा जादा धातू काढणे), शॉट ब्लास्टिंग (छर्ऱ्यांच्या माऱ्याने पृष्ठभाग साफ करणे), तपासणी आणि प्रायमर, तिथे होतो. ट्रॅक्टरचे, ट्रकचे आणि मोटारींचे ओतीव भाग माझ्या हातांखालून गेले आणि त्यांत कॅलिपरची ब्रॅकेटेही होती. साध्या गाड्यांचे कॅलिपर बहुधा ज्या एसजी आयर्न नावाच्या ओतीव लोखंडाचे असतात, त्यात ग्रॅफाइट चकत्यांच्या नव्हे तर गोळ्यांच्या रूपात असते आणि म्हणून ते लोखंड ठिसूळपणे तुटत नाही, हे मी कोणत्याही व्हिडिओवरून शिकलेलो नाही. ब्लास्टिंग झालेला भाग प्रायमरशिवाय पावसाळ्यातली एक रात्र उघड्यावर राहिला तर सकाळी त्याच्यावर तांबूस पूट चढलेले असते, आणि रंगाआधी त्याला तेलकट हात लागला असेल तर त्या जागी रंग कसा पापुद्रा धरून सुटतो, हे मी नोकरीत रोज पाहिले आहे. लेखात ब्रेक क्लीनरने धुण्यावर, तारेच्या ब्रशवर आणि पॉलिश पेपरवर मी रंगापेक्षा जास्त ओळी खर्च केल्या आहेत, त्या याच कारणाने.

आता उष्णतेचा मुद्दा. आपण तो एका वाक्यात मांडला आहे, आणि आपल्यासारखेच कितीतरी लोक तो तितक्याच खात्रीने बोलतात. म्हणून त्याचे उत्तर मी सविस्तर देणार आहे.

प्रवाशांसह १,२०० किलो वजनाची गाडी ५०० मीटर उंचीचा घाट उतरते तेव्हा सुमारे ५९ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जावी लागते. गाडी खालच्या गिअरमध्ये असेल तर त्यातला मोठा वाटा इंजिन आणि हवेचा विरोध मिळून घेतात. टॉप गिअरमध्ये किंवा न्यूट्रलवर सोडली तर जवळजवळ सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेकमध्ये ही उष्णता डिस्क आणि पॅड जिथे घासतात तिथे निर्माण होते आणि तिचा फार मोठा भाग डिस्कमध्ये जातो. डिस्क फिरत असते, पुढच्या डिस्क बहुतेक वेळा दोन पाळ्यांच्या आणि मधून पोकळ असतात, त्या पोकळीतून हवा बाहेर फेकली जाते आणि डिस्क निवते. कॅलिपरकडे उष्णता पोहोचते ती मुख्यतः पॅड, पॅडच्या मागची पट्टी आणि पिस्टन या मार्गाने, आणि डिस्ककडून येणाऱ्या झळेने. डिस्क रंगवा, असे मी कुठेही लिहिलेले नाही. डिस्क झाकून घ्या, असेच लिहिले आहे.

राहिला कॅलिपरच्या बाहेरच्या अंगावरचा रंग. नीट दिलेले पातळ हात मिळून थराची जाडी साधारण एक दशांश मिलिमीटर होते. रंगाची उष्णतावाहकता लोखंडाच्या मानाने फारच कमी असते, हे खरे आहे, आणि आपला गैरसमज बहुधा तिथूनच आला असावा. पण एवढ्या पातळ थराचा उष्णतेला होणारा अडथळा हा कॅलिपरच्या पृष्ठभागाला बिलगून असलेल्या हवेच्या थराच्या अडथळ्याच्या अंदाजे चाळिसाव्या हिश्शाइतका भरतो. कॅलिपर निवण्यात खरी अडचण करते ती हवा, आणि ती रंग असला तरी असते आणि नसला तरी असते. शिवाय तापलेला पृष्ठभाग किरणांच्या रूपानेही उष्णता बाहेर टाकतो, आणि या बाबतीत रंगवलेला पृष्ठभाग चकचकीत झिंक चढवलेल्या धातूपेक्षा कितीतरी सरस असतो. त्या तापमानाला रंग लाल की काळा याने फारसा फरक पडत नाही, कारण ती उष्णता डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांतून जाते. उष्णता कोंडून राहते हे विधान वारंवार ऐकू येते म्हणून ते खरे ठरत नाही.

घाटात ब्रेक जातात, त्याची कारणे दोन. एक म्हणजे पॅडमधल्या राळेचे मर्यादेबाहेर तापून वायू होतात आणि घर्षण घटते. पेडल कडक लागते, पण गाडी थांबत नाही. दुसरे म्हणजे ब्रेक ऑइल उकळते, त्यात वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते आणि पेडल थेट खाली जाते. डॉट ३ या प्रतीच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू ताजे असताना किमान २०५ अंश सेल्सिअस आणि पाणी शोषल्यानंतर किमान १४० अंश असावा लागतो. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. हे ऑइल हवेतली आर्द्रता शोषत राहते, म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलायचे असते. कॅलिपरसाठी मिळणारे चांगले रंग नीट कडक झाल्यावर याच्या दुप्पट तापमानालाही टिकतात. तेव्हा आपला कॅलिपर रंग जळण्याइतका तापला असेल, तर त्याआधीच ऑइल उकळून ब्रेक गेलेले असतील. आपल्याकडे कामाला येणाऱ्या गाड्यांपैकी किती गाड्यांचे ऑइल वेळेवर बदललेले असते, याविषयी आपण चार ओळी लिहिल्या असत्या, तर गगनबावड्याहून करूळ घाट उतरणाऱ्या लोकांचे खरोखर भले झाले असते. आपण त्याऐवजी माझ्या शिक्षणाची चौकशी केली.

गाइड पिन आणि रबर बुटांविषयी आपण जे लिहिले आहे त्यात नवे काही नाही. काय रंगवू नये, याचा स्वतंत्र परिच्छेद लेखात आहे: पिस्टन, त्याच्या भोवतीचे रबर, गाइड पिना, पॅड ब्रॅकेटमध्ये जिथे सरकतो त्या कडा, ब्लीडिंग निपल (ऑइलमधली हवा काढण्याची तोटी) आणि होज पाइपचा सांधा. या सगळ्यांवर मास्किंग टेप लावा, असे स्पष्ट म्हटले आहे. एखाद्याने टेप न लावता रंग फासला असेल, तर त्याचा जाब त्याला विचारावा.

पण पिनांचा विषय निघालाच आहे, तर माझ्या स्वतःच्या गाडीचे सांगतो. आमची मुलगी मालवणला असते, त्यामुळे गाडी खाऱ्या हवेत बऱ्याचदा मुक्कामाला असते. एका सर्व्हिस सेंटरने, त्याचे नाव मी घेत नाही, कॅलिपर सर्व्हिस केल्याचे पैसे बिलात लावले होते. त्यानंतर काही आठवड्यांतच मी रंगासाठी पुढचे चाक काढले आणि कॅलिपर वर उचलला, तेव्हा खालची गाइड पिन गंजून जागच्या जागी धरली होती. आतला पॅड झिजून पत्र्याला टेकायला आला होता आणि बाहेरचा निम्म्याहून जास्त शिल्लक होता. चाकाच्या फटीतून डोकावून पाहिले तर दिसतो तो बाहेरचाच पॅड. मी रंगवायला बसलो नसतो, तर ते मला कळले नसते. त्या पिनेवर ग्रीसचा मागमूस नव्हता. गॅरेजमध्ये कॅलिपर डिझेलने किंवा रॉकेलने धुण्याची जी सर्रास सवय आहे, तिच्याने आतले रबर फुगते, आणि साध्या ग्रीसनेही तेच होते. तिथे सिलिकॉनचे ब्रेक ग्रीसच लावायचे असते. हे काम ज्यांचे आहे त्यांनी ते केले असते, तर घरी बसून कॅलिपर उघडण्याची वेळ माझ्यासारख्यांवर आली नसती. माणसाने स्वतःच्या गाडीचे ब्रेक स्वतःच्या डोळ्यांनी पाहावेत, हे मी आग्रहाने सांगत आलो आहे आणि यापुढेही सांगणार आहे. रंग हे त्यासाठीचे चांगले निमित्त आहे, कारण रंगवण्याआधी घासावे लागते आणि घासताना प्रत्येक कोपरा बघावा लागतो.

लाल रंगाला आपण दिखावा म्हटले आहे. मला तो आवडतो, आणि गाडी माझी आहे. पोर्शसारखी कंपनी साध्या, सिरॅमिक आणि हायब्रिड गाड्यांच्या ब्रेकसाठी लाल, पिवळा आणि पोपटी असे कॅलिपरचे वेगवेगळे रंग वापरते, तेव्हा रंगवलेला कॅलिपर ही काही माझ्या डोक्यातून निघालेली कल्पना नाही. रंगवलेल्या कॅलिपरचा एक व्यावहारिक उपयोगही लेखात दिला होता: ग्लायकॉलचे ब्रेक ऑइल रंग खाते, म्हणून निपलच्या बुडाशी रंग फुगलेला दिसला की ऑइल झिरपते आहे का हे तपासायचे. गंजलेल्या काळपट कॅलिपरवर ती खूण लक्षात येत नाही. वॉरंटीचा मुद्दा दहा वर्षे जुन्या गाडीला लागू होत नाही, तेव्हा त्यावर वेळ घालवत नाही.

एक गोष्ट आपली बरोबर आहे. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीशी काम करू नये, स्टँड लावावा आणि उरलेल्या चाकांना दगड लावावेत, ही सूचना लेखाच्या शेवटी होती. ती पहिल्या परिच्छेदात असणे अधिक योग्य, म्हणून मी आज ती वर घेतली आहे. परंतु ती लेखात होती. दडवण्यासाठी कोणी सूचना लिहीत नाही, आणि माझ्या हेतूविषयी असे बोलण्याचा आपल्याला काहीही अधिकार नाही.

आपली प्रतिक्रिया मी काढून टाकणार नाही. उष्णतेच्या हिशेबात काही चुकले आहे असे आपल्याला वाटत असेल, तर थराची जाडी, वाहकता किंवा तापमान यांपैकी कोणता आकडा चुकला आणि त्या जागी कोणता हवा, हे लिहावे; मी तो याच ठिकाणी छापीन. माझ्या शिक्षणाविषयी पुन्हा लिहिलेत, तर मात्र उत्तर मिळणार नाही.

आणखी एका वाचकाने याच लेखाखाली मागच्या ड्रमविषयी सभ्यपणे विचारले आहे, त्यांना इथेच सांगतो. ड्रम बाहेरून याच रंगाने रंगवता येतो, मात्र चाक ज्या सपाट भागावर बसते तो भाग आणि बोल्टांच्या भोवतालची जागा टेप लावून कोरी ठेवावी. तिथे रंगाचा थर दोन धातूंच्या मध्ये राहिला, तर तो पुढे दबतो आणि घट्ट केलेले नट सैल पडतात. काम झाल्यावर नट गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कने आवळावेत, शे-दीडशे किलोमीटर गाडी चालल्यानंतर पुन्हा तपासावेत, आणि पुढचा कॅलिपर उघडला असेल तर गाडी जागची हलवण्याआधी पेडल कडक लागेपर्यंत ब्रेक दाबत राहावा.