मटकी, झांजा आणि तीनशे ओहम

रॉक ऐकणाऱ्या माणसाने हेडफोन बदलायचं मनावर घेतलं की घरातून पहिला प्रश्न येतो, "का, आहे त्यातून आवाज येत नाही का?" येतो. तीच तर पंचाईत आहे. बिघडलेली वस्तू बदलायला कुणाची परवानगी लागत नाही. धडधाकट वस्तू बदलायची तर पुरावे मांडावे लागतात. आणि "झांजा टोचतात गं आई" हा पुरावा वरणभाताच्या ताटासमोर अगदीच लेचापेचा पडतो.

पुरावा मात्र खरा आहे. गाण्याची लय मिनिटाला १२० ठोके धरा. ड्रमर हाय-हॅटवर, म्हणजे पायाने उघडमीट करायच्या त्या झांजांच्या जोडीवर, दर ठोक्याला दोनदा काठी मारतो. मिनिटाला २४०. पंचेचाळीस मिनिटांच्या अल्बममध्ये १०,८००. हेडफोनने ८ किलोहर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला आठ हजार कंपनांच्या तीव्र पट्टीच्या, आसपास आवाजाचे पाच-सहा डेसिबल पदरचे घातले असतील, तर दहा हजार आठशे टाचण्या. तोच हेडफोन तानपुऱ्यावर गाणं ऐकणाऱ्याला "काय स्वच्छ आहे हो" वाटतो, कारण तिथे झांजा नसतात. रॉकवाल्याचं डोकं मात्र तिसऱ्या गाण्याला चढतं आणि तो चष्म्याचा नंबर तपासायला जातो.

नाशिककराला बाकीचं मिसळीवरून समजावता येतं. बाजारात ज्यांचा गवगवा असतो ते बहुतेक हेडफोन म्हणजे भरपूर तर्री, वर शेव-फरसाणाचा डोंगर, आणि मटकी शोधायला चमचा तळापर्यंत. तर्री म्हणजे बेस, खालचे घुमणारे सूर; फरसाण म्हणजे झांजा आणि सगळा तीव्र भाग; मटकी म्हणजे मधला पट्टा. रॉक हा मटकीचा पदार्थ आहे. गिटारची सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्झला बोलते. तिचा अ‍ॅम्प्लिफायर ज्या बारा इंची स्पीकरमधून ओरडतो, तो ५ किलोहर्ट्झच्या वर स्वतःच मान टाकतो. म्हणजे अख्खी गिटार या मधल्या पट्ट्यात बसते, आणि तिचा चावा, ज्यासाठी आपण रॉक ऐकतो, तो २ ते ४ किलोहर्ट्झमध्ये. स्नेअरचं, म्हणजे ड्रमरच्या पुढ्यातल्या कडकडणाऱ्या ड्रमचं, अंग २०० हर्ट्झच्या आगेमागे. गायकही याच गर्दीत उभा. फक्त बेस गिटारची जाड तार ४१ हर्ट्झपर्यंत उतरते. आता या मधल्या पट्ट्याला खड्डा पाडून दोन्ही टोकं फुगवली की गायक शेजारच्या बिल्डिंगमधून गातोय असं वाटणारच.

एमजी रोडच्या दुकानात मात्र विक्रेता कानावर हेडफोन चढवतो आणि म्हणतो, "बेस बघा दादा, बेस!" त्याच्या मोबाइलमधलं गाणं असं निवडलेलं असतं की त्यात बेसखेरीज काही नसतंच. तिथे "यात गिटार कुठेय?" असं विचारू नये, उगाच दोघांचे चेहरे पडतात. वायरचा, ओपन-बॅक, कानाला लावून बघायला ठेवलेला हेडफोन मला तरी या रस्त्यावर दिसलेला नाही. तो मागवावाच लागतो, म्हणजे न ऐकता घ्यायचा आणि परतीच्या मुदतीत ऐकून ठरवायचं. खोकं कात्रीने नीट उघडा, टराटरा फाडू नका.

मॉडेलच्या आधी एक गोष्ट ठरवायची असते आणि लोक नेमकी तीच शेवटी ठरवतात. ऐकायचं कुठे? ओपन-बॅकच्या वाट्यांना मागून जाळी असते. हवा मोकळी फिरते, गिटारी डोक्याबाहेर मांडल्यासारख्या वाटतात, कान शिजत नाहीत. बदल्यात तुमचं गाणं खोलीला ऐकू जातं आणि खोली तुम्हाला. कुकरच्या तीन शिट्ट्या मोजायची ड्युटी असलेल्याला हा गुण आहे. पंचवटी एक्स्प्रेसच्या पासधारकांत बसून मुंबई गाठणाऱ्याला नाही: इगतपुरी येईपर्यंत डब्यातल्या रमीचा डाव थांबवून कुणीतरी तुम्हाला आवाज कमी करायला सांगेल, आणि हेडफोन ओपन-बॅक असल्यामुळे ते तुम्हाला स्वच्छ ऐकूही येईल.

क्लोज्ड-बॅक घेतला म्हणजे जग बंद झालं, असाही गैरसमज नको. बंद वाट्या बडबड, भांडी, हॉर्न अडवतात. २०० हर्ट्झच्या खाली त्यांचं फारसं चालत नाही. वाकडी बारवेहून गणपतीची मिरवणूक निघाली की ताशा थोडा दबेल, नाशिक ढोल थेट छातीतून आत येईल. मग तुमच्या ड्रमरबरोबर रस्त्यावरचा एक ड्रमर वाजत राहणार आणि दोघांची लय जुळणार नाही. आवाज खोडणारे, नॉइज कॅन्सलिंगवाले हेडफोन गाडीच्या, पंख्याच्या सलग घरघरीवर उत्तम, पण ढोलाच्या अचानक ठोक्यापुढे तेही कच्चे. त्या दहा दिवसांत ढोलच ऐकावा. तो फुकट आहे आणि त्याचा बेस कुठल्याच हेडफोनला झेपणार नाही.

रॉकवाल्याच्या यादीत तीच तीच नावं फिरतात. ऑडिओ-टेक्निका एम५०एक्स हा बंद वाट्यांचा, ३८ ओहमचा (ओहम म्हणजे विजेला होणारा अडथळा), २८५ ग्रॅमचा, कुठल्याही मोबाइलवर वाजणारा. पेटीत तीन वायरी येतात, तिन्ही काढता-घालता येणाऱ्या, ही मोठीच सोय. बेस थोडा वाढवलेला, गिटारी पुढे. दोष दोन. पॅड उथळ, त्यामुळे मोठ्या कानांची पाळी आत टेकते आणि तासाभराने तिच्याशिवाय काही सुचत नाही. आणि वरच्या पट्टीत किंचित टोचणी. तरी गाडीत-घरात दोन्हीकडे एकच हेडफोन हवा असेल तर मी यालाच मत देईन.

बेयरडायनॅमिक डीटी ९९० प्रो, २५० ओहम, ओपन-बॅक. करड्या मखमली पॅडचा इतका आरामशीर हेडफोन या पैशांत दुसरा नाही. पण वर ज्या टाचणीचा हिशेब केला, ती हीच. ८ किलोहर्ट्झच्या शिखरासाठी हा जगभर प्रसिद्ध आहे, आणि हेवी मेटलच्या दोन क्रॅश झांजा एकत्र फुटल्या की तव्यावर मोहरी तडतडल्याचा भास होतो. वायर गुंडाळीची, ताणली की तीन मीटर, आणि कायमची जोडलेली. खुर्चीचं चाक तिच्यावरून गेलं की डागणी आली. मोबाइल दुरुस्तीवाला ती करून देतो, फक्त त्याला आधी सांगा की आतल्या तारांना लाखेचा थर असतो. तो डागणीच्या टोकाने जाळल्याशिवाय कथील धरत नाही. धरल्यासारखं दिसतं, आणि आठवड्यात डावा कान मुका होतो.

सेन्हायझर एचडी ५६०एस हा माझा खोलीतला उमेदवार. १२० ओहम, २४० ग्रॅम, ओपन-बॅक असून बेस खोलवर जातो, मटकी जागेवर. वरची पट्टी मऊ म्हणता येणार नाही, पण ९९० पुढे संत. त्याचाच थोरला भाऊ एचडी ६००, १९९७ पासून बाजारात, ३०० ओहम. गायक आणि गिटार त्याच्याइतके खरे थोडेच हेडफोन ऐकवतात. पण अगदी खालचा बेस त्याचा उतरता, ४१ हर्ट्झची तार वाजली हे कळतं, जाणवत नाही. सत्तरच्या दशकातलं रॉक ऐकणाऱ्याने डोळे मिटून घ्यावा. खालच्या सुरात तारा लावून खर्जात गुरगुरणारे बँड ऐकणाऱ्याने घेऊ नये, किंवा घेऊन इक्वलायझरची, म्हणजे एकेक पट्टी कमीजास्त करायच्या सोयीची, सवय करावी.

ग्राडोचंही नाव निघतं, ब्रुकलिनचे, १९५३ पासूनचे. गिटारचा चावा म्हणाल तर तो त्यांच्याकडेच. पण स्पंजाचे पॅड थेट कानावर बसतात आणि चष्म्याची काडी व स्पंज यांच्यामध्ये कानाचं सँडविच होतं. चष्मेवाल्यांनी हा परिच्छेद विसरावा.

आता ओहम. "३०० ओहमचा आहे" हे लोक "बीई मेकॅनिकल आहे" अशा थाटात सांगतात. ओहम म्हणजे दर्जा नव्हे. मोबाइलला हेडफोन जोडायचे बरेचसे डोंगल जास्तीत जास्त १ व्होल्टच्या आसपास देतात. व्होल्टचा वर्ग भागिले ओहम: ३८ ओहमला २६ मिलीवॉट, ३०० ओहमला ३.३. आजच्या ठासून भरलेल्या अल्बमना ३.३ पुरतात. जुनी, हळू आवाजात मास्टर केलेली, म्हणजे शेवटची प्रत काढलेली, रेकॉर्डिंग लावलीत आणि वर इक्वलायझर चढवलात की व्हॉल्यूमची पट्टी टोकाला टेकते. उलटंही होतं. हायफायमॅनचा एचई४००एसई ओहमने कमी, पण त्याची संवेदनशीलता, म्हणजे तेवढ्याच पॉवरला किती मोठा वाजतो ते माप, ९१ डेसिबल, एम५०एक्सची ९९. आठ डेसिबलची तूट भरायला सहापटीहून जास्त पॉवर लागते. शिवाय वजन ३९० ग्रॅम, म्हणजे डोक्यावर जवळपास अर्धा किलो कांदे घेऊन बसणं. ओहमचा आकडा एकटा वाचायचा नाही, संवेदनशीलतेच्या जोडीने वाचायचा.

तुलना करताना सगळ्यात मोठा घोटाळा आवाजाच्या पातळीचा. एक-दोन डेसिबलने मोठा वाजणारा हेडफोन प्रत्येक वेळी "जास्त डिटेल" वाटतो. कान इतके भोळे असतात. उपाय बिनखर्चाचा: जाड पुठ्ठ्याला मोबाइलच्या माइकएवढं भोक पाडा, पुठ्ठा वाटीवर घट्ट दाबा, भोकाला माइक लावा आणि दोन्ही हेडफोनवर एकच पिंक नॉइज, म्हणजे सगळ्या पट्ट्यांची सलग खरखर, वाजवून डेसिबलचं अ‍ॅप बघा. आकडे एका डेसिबलच्या आत आले की मगच गाणं लावा. घरातले या वेळी खोलीत डोकावतात. तुम्ही पुठ्ठ्याला मोबाइल लावून खरखर ऐकत बसलेले असता. काही समजावून सांगायला जाऊ नका.

गाणंही नीट निवडावं लागतं. लेड झेपेलिनच्या १९७१ च्या चौथ्या अल्बमच्या शेवटच्या गाण्यात जॉन बॉनमचे ड्रम एका जुन्या घराच्या जिन्याखाली ठेवून वरून दोन माइक टांगून रेकॉर्ड केलेत. चांगल्या हेडफोनमध्ये त्या जिन्याची उंची ऐकू येते, तर्रीबाज हेडफोनमध्ये नुसतं धब्ब. उलट मेटालिकाचा २००८ चा अल्बम परीक्षेला घेऊ नका. तो इतका दाबून मास्टर केलाय की ठोके मूळ फाइलमध्येच फाटलेत. जितका चांगला हेडफोन तितकं फाटणं स्पष्ट. त्यात हेडफोनचा दोष नाही.

बेस कमी वाटला तर हेडफोन परत पाठवायच्या आधी दोन्ही वाट्या तळहातांनी हलक्या दाबून बघा. बेस एकदम वाढला तर हवा गळतेय. बंद वाट्यांत हे हमखास होतं आणि चोर बहुतेकदा चष्म्याची जाड काडी किंवा कानामागचे केस. नव्या सेन्हायझरची पकड पहिले काही आठवडे फार घट्ट असते. डोक्यापेक्षा किंचित रुंद होईल एवढी पुस्तकांची चळत करून तिच्यावर रात्रभर चढवून ठेवा. किंचित म्हणजे किंचित. दिवाळी अंकांचा गठ्ठा नको.

टाचणी काढायला इक्वलायझर फुकट मिळतो. डीटी ९९० ला ८००० हर्ट्झवर उणे ५ डेसिबल, क्यू (म्हणजे कापलेल्या पट्टीची अरुंदी) २ च्या आसपास, आणि स्वतःच्या कानाने थोडं इकडे-तिकडे. एचडी ६०० ला १०० हर्ट्झच्या खाली अधिक ४, पण त्याच वेळी एकूण आवाज उतरवणारा प्रीअ‍ॅम्प उणे ४. हे उणे लोक विसरतात, आवाज फाटतो आणि मग हेडफोनला शिव्या बसतात.

पॅडचं सांगायलाच हवं, कारण एप्रिल-मेमध्ये नाशिक जुनं थंड हवेचं गाव राहत नाही. नकली चामड्याच्या पॅडमध्ये अर्ध्या तासात कानाला घाम फुटतो, आणि पावसाळ्याच्या दमटपणात ते पॉलियुरेथेन हळूहळू विघटत जातं. दोन-तीन वर्षांत काळे पापुद्रे कानाला, मानेला, उशीला. ऑफिसात लोक कानाकडे बघून बोलायला लागले की पॅड बदला. एम५०एक्सचा नवा पॅड चढवणं म्हणजे उशीला एक नंबर लहान अभ्रा घालणं. तीन बाजू बसतात, चौथी ओढली की पहिली सुटते. खाचेत एक कडा अडकवून जुन्या एटीएम कार्डाच्या कोपऱ्याने गोल फिरवत न्यायचं, आणि त्या वेळी घरात कुणी हाक मारली तर ओ द्यायची नाही. मखमली पॅड लावले तर घाम कमी होतो, पण हवा गळून बेस उतरतो. मखमल अंगच्याच हेडफोनला शोभते.

शेवटी खोकं येतं. एचडी ५६०एस असेल तर वायर तीन मीटर, टोकाला ६.३५ मिलिमीटरचा जाडजूड प्लग. मोबाइल त्याच्यापुढे बारका दिसतो. छोटं अ‍ॅडॉप्टर पेटीतच असतं, पुठ्ठ्याखाली बघा. आणि हात जोडून सांगतो, पहिल्याच संध्याकाळी मेटालिकाचा १९८८ चा अल्बम लावू नका. जेसन न्यूस्टेडची बेस गिटार त्या मिक्समध्ये इतकी खाली ठेवलीय की ती जवळजवळ ऐकूच येत नाही, कशातूनच नाही. लोक तरी तोच लावतात. वाट्या दाबून बघतात, चष्मा काढून बघतात, १०० हर्ट्झला अधिक ४, अधिक ६, अधिक ९ करून बघतात. रात्री साडेअकराला खोलीतला दिवा चालू असतो, मोबाइलवर ३०० ओहमसाठी अ‍ॅम्प शोधणं सुरू असतं, आणि स्वयंपाकघरातून आवाज येतो, "आता यातूनही येत नाही का?"