‘गळाले तर गळू द्या’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. व्यवसाय शिक्षण अर्ध्यावर सोडणाऱ्या मुलांवरचा माझा लेख तुम्हाला रडगाणं वाटला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : आजच्या पोरांत चिकाटी नाही, ऐंशी टक्के हजेरी सक्तीची करा, बाकीचे गळाले तर गळू द्या.

आधी पटलं ते सांगतो. लेखात मी सगळा भार पैशावर टाकला, ते चुकलंच. तुटपुंजं विद्यावेतन, घरची जबाबदारी, रोजंदारीची ओढ ही कारणं खरी आहेत. पण तेवढ्याच ओढाताणीतलं दुसरं पोर शेजारच्या बाकावर टिकतं, हे मी सोयीस्करपणे टाळलं होतं.

चिकाटीचं मात्र पटत नाही. कारखान्यात काम आणि जोडीला शाळा ही जर्मनीची पद्धत जगभर वाखाणली जाते. तिथेही २०२२ मध्ये शिकाऊ उमेदवारीचे २९ टक्क्यांहून जास्त करार मुदतीआधी मोडले. आता गंमत बघा. देश तोच, साधारण वयही तेच, पण स्वयंपाकी आणि केशकर्तनाच्या धंद्यात हे प्रमाण चाळिशीच्या पुढे जातं आणि सरकारी कचेरीतल्या उमेदवारीत दहाच्या आत राहतं. कचेरीत जास्त शिकलेली मुलं जातात, थोडा फरक त्यानंही पडतो, कबूल. पण रात्री उशिरापर्यंत भट्टीशी उभं राहणं, सगळ्यांच्या सुट्टीला आपलं काम, वर मालकाची बोलणी, हे सारं पोरांच्या चिकाटीच्या खाती कसं मांडायचं? शिवाय करार मोडलेल्यांतले बरेच जण दुसऱ्या मालकाकडे किंवा दुसऱ्या ट्रेडला, म्हणजे दुसऱ्या धंद्याच्या शिक्षणाला, जाऊन शिकतातच. तिथल्या कायद्यानं पहिले एक ते चार महिने अजमावण्यासाठीच ठेवलेत. त्या काळात ट्रेड बदलणाऱ्याला मी तरी गळालेला म्हणणार नाही.

आता माझीच एक चूक सांगतो. फिटरच्या वर्गाला शिकवत होतो. पहिले काही आठवडे लोखंड घासायची कानस चालवायची, जॉबवर, म्हणजे घासलेल्या तुकड्यावर, काटकोन तपासायचा गुण्या ठेवायचा, उजेडाकडे धरायचा आणि फटीतून उजेड दिसला की पुन्हा कानस. एक मुलगा यात तरबेज होता. हात इतका सरळ की बाकीच्यांना मी त्याचा जॉब दाखवायचो. तिसऱ्या महिन्यापासून त्याचे खाडे सुरू झाले. मी हजेरीपटावर ‘गै’ लिहीत गेलो. त्याचा ॲप्रन खिळ्याला लटकलेला रोज दिसत होता, तरी. तो कायमचा गेल्यावर हजेरीपट उलटा चाळला तेव्हा लक्षात आलं, की बहुतेक खाडे मोजमापाच्या दिवशीचे होते. त्याला व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं उपकरण, वाचता येत नव्हतं. ०.०२ मिलिमीटरपर्यंतचं माप दाखवणाऱ्या त्या बारीक रेघा त्याला कधी कळल्याच नाहीत. जोडीदाराचं माप तो आपल्या वहीत उतरवायचा आणि जोडीदार बदलला तेव्हा उघडं पडायच्या आधीच निघून गेला. अर्ध्या तासाचं काम होतं हो ते. मला विचारायला त्याला लाज वाटली, आणि मला त्याला विचारायचं सुचलं नाही.

म्हणून तुमच्या हजेरीच्या नियमाची मला धास्ती वाटते. शंभर दिवसांच्या सत्रात वीस खाडे माफ. एकविसावा पडला की परत यायचं कारणच संपतं, आणि तो पडल्याचं कार्यालयाला कळतं महिनाअखेरीची बेरीज झाल्यावर. फोन जायला हवा दुसऱ्या खाड्याला, तोही शिकवणाऱ्याचा. कारकुनाचा फोन आला की पोरगं ‘तब्येत बरी नव्हती’ म्हणतं आणि विषय संपतो. कानस कशासाठी घासतोय हे पहिल्याच आठवड्यात, जुळवलेलं यंत्र समोर ठेवून सांगायला हवं. मापं प्रत्येकाकडून एकट्यानं घ्यावीत. आणि दोन महिन्यांत ट्रेड बदलला तर वर्ष वाया जाऊ नये. जॉबचा दर्जा उतरवा असं मी कुठेही म्हटलेलं नाही. फट दिसली तर जॉब परतच.

तुम्ही तुमच्या प्रतिक्रियेच्या शेवटी एक ओळ सहज लिहून गेलात : पहिल्या वर्षी तुम्हीही आठ दिवस दांडी मारली होती आणि उस्ताद घरी येऊन तुम्हाला घेऊन गेले. माझ्या सबंध लेखापेक्षा ती ओळ मला महत्त्वाची वाटते. जर्मनीत २००८ पासून निवृत्त जाणकार अडचणीतल्या एकेका शिकाऊ मुलाला हाताशी धरतात, तो उपक्रम म्हणजे तुमचे उस्तादच की! ते नसते आले तर तुमच्या चिकाटीचं काय झालं असतं, हे तुम्हीच सांगा.

आणि दारात उभं राहून ते नेमकं काय बोलले, ते लिहायचं राहिलंय. लिहाल का?