मारियाचे बळी: ६४ की २,९७५?

अनामितराव,

२०१७च्या हरिकेन मोसमावरच्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. मी मारिया वादळाची श्रेणी (वाऱ्याच्या वेगावरून ठरणारी, एक ते पाच) फुगवली, कॅरिबियनमधल्या पोर्तो रिको बेटावरच्या त्याच्या ६४ बळींचे सनसनाटीसाठी २,९७५ केले आणि त्याच मोसमातल्या हार्वी वादळाचं उगाच कौतुक केलं, असे तुमचे तीन आक्षेप.

पहिला आक्षेप शंभर टक्के मान्य. मारिया पाचव्या श्रेणीचं होतं ते १८ सप्टेंबरच्या रात्री, डॉमिनिका या कॅरिबियन बेटावर. तिथल्या पंतप्रधानांचंही छप्पर उडालं आणि त्यांनी ते त्याच रात्री फेसबुकवर लिहिलं. २० तारखेला पोर्तो रिकोत याबुकोआपाशी धडकताना वारा ताशी सुमारे २५० किमी होता, म्हणजे चौथी श्रेणी. पाचवीला अगदी थोडक्यात हुकलं, पण हुकलं. लेखात दुरुस्ती केली आहे.

बळींचं मात्र तसं नाही. ६४ हा आकडा खोटा आहे असं मी कुठेच म्हटलेलं नाही. तो मृत्यूच्या दाखल्यांवरून आला, आणि गोम तिथेच आहे. समजा, वीज गेली, ऑक्सिजनचं यंत्र बंद पडलं आणि एक आजी गेल्या. दाखल्यावर काय येणार? श्वसनविकार. डायलिसिस चुकून कुणी गेलं, तर मूत्रपिंड निकामी. यात वादळाची नोंद कशी करायची, हे तिथल्या बहुतेक डॉक्टरांना कुणी शिकवलंच नव्हतं. आणि वीज म्हणाल, तर सुमारे ३३ लाख वस्तीचं अख्खं बेट अंधारात गेलं होतं. शेवटच्या घरांत दिवे लागायला जवळपास अकरा महिने गेले.

म्हणून जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाच्या अभ्यासकांनी दाखल्यावरचं कारण बाजूला ठेवलं. सप्टेंबर २०१७ ते फेब्रुवारी २०१८ या काळात एरवी किती माणसं गेली असती आणि प्रत्यक्षात किती गेली, एवढंच पाहिलं. बेट सोडून गेलेल्यांचाही हिशेब धरला. फरक आला २,९७५. ऑगस्ट २०१८मध्ये तिथल्या सरकारने तोच अधिकृत मानला. त्यात गरीब भागांतले लोक आणि पासष्टीपुढचे पुरुष जास्त होते. हा अंदाजच आहे, २,६५८ ते ३,२९० च्या दरम्यानचा; ही कक्षा मी लेखात द्यायला हवी होती. पण सनसनाटीच करायची असती, तर हार्वर्डच्या पाहणीतला ४,६४५ हातात होताच की! तो ३,२९९ घरांच्या पाहणीवरून काढलेला आणि त्याची कक्षा ७९३ ते ८,४९८. इतका ढगळ आकडा मला वापरवेना.

आपल्याकडचंच पाहा: २६ जुलै २००५च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोने (पुराच्या दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाने) गेलेले लोक तुम्ही पुराच्या हिशेबात धराल की नाही? मारियानंतर पोर्तो रिकोतही लेप्टो वाढला होता.

राहिलं हार्वी. ‘चौथ्या श्रेणीचं, तेही दुसऱ्या दिवशी मावळलेलं,’ असं तुम्ही लिहिलंय. मावळला तो वारा. श्रेणी फक्त वाऱ्यावरून ठरते, पावसाला त्यात जागाच नाही. २५ ऑगस्टला अमेरिकेच्या टेक्ससमध्ये रॉकपोर्टपाशी जमिनीवर आलेलं हे वादळ पुढे सरकायलाच तयार नव्हतं. टेक्ससच्या नेडरलँडमध्ये त्या चारपाच दिवसांत १,५३९ मिमी पाऊस पडला. (२६ जुलैला मुंबईत सांताक्रूझला पडलेले ९४४ मिमी एका दिवसातले, हे माहीत आहे. कुणीतरी विचारणारच, म्हणून आधीच सांगतो.)

श्रेणीच्या दुरुस्तीखाली तुमचं नाव घालायचं आहे, तेवढं कळवा.